ओढकामाचे घोडे, फ्रान्समधील
नांगर, गाडी किंवा ओंडके ओढण्यासाठी जोपासलेले जड बांध्याचे घोडे. फ्रान्समध्ये त्यांच्या 9 जातींना मान्यता असून पेर्शरों, ब्रेतों, कोंत्वा व आर्देन या त्यांपैकी होत. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले आणि हे घोडे मुख्यतः मांसासाठी पोसले जाऊ लागले. जाती टिकल्या त्या काही अंशी या कटू व्यवहारामुळेच. सेंद्रिय शेतीबरोबर त्यांना पुन्हा काम मिळाले, विशेषतः द्राक्षमळ्यांत. बर्गंडीत वेलींच्या ओळींमध्ये जेमतेम 1 मी. अंतर असते. ट्रॅक्टरची चाके त्याच पट्ट्यांवरून फिरून माती घट्ट करतात. घोड्याची पावले मात्र विखरून पडतात. बैलासारखे मानेवर जू न घेता घोडा गळ्यातील गादीदार कड्यावर खांदे रेटून ओढतो. कडे मापाचे नसले, की कातडी सोलवटते. त्यामुळे साज नीट बसवणे हा शिकाऊ हाकणाऱ्याचा पहिला धडा. असे प्रशिक्षण नॉर्मंडीतील ल पँ येथील जुन्या अश्वपैदास केंद्रातही मिळते. काम सावकाश व मजुरी जास्त, म्हणून ही पद्धत मुख्यतः महागड्या वाइनच्या मळ्यांना आणि लहान भाजीमळ्यांनाच परवडते.