वर ढग नाही, तरी नदीला पूर! नागपूर जिल्ह्यात पुराचं पाणी कुठून येतं, किती वेळ मिळतो?

नागपूर : वादळ अन् महापूर म्हणजे समुद्रकाठची गोष्ट, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. पण बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा ओडिशा, छत्तीसगड ओलांडून विदर्भावर येतो आणि इथेही मुसळधार पाऊस पाडतो. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचं पाणी नरखेड तालुक्यातील मोवाडमध्ये शिरलं आणि २०४ जणांचा जीव गेला. जिल्ह्यात पूर प्रामुख्याने दोन प्रकारे येतो. दोन्हीत हाताशी मिळणारा वेळ वेगळा असतो.

१) नाल्याचा पूर : मिनिटांचा खेळ

थोड्या वेळात जोराचा पाऊस झाला की नाले लगेच भरतात. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४ लाख लिटर पाणी! जमीन आधीच ओली असेल तर हे पाणी मुरत नाही, सरळ नाल्यात येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूर शहरात हेच झालं. काही तासांत १०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी झोपेत असलेल्या लोकांच्या घरात शिरलं. बचावासाठी लष्कराला बोलवावं लागलं.

२) धरणाचा पूर : काही तास मिळतात

इथे गावात पाऊस नसला तरी पूर येतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला. चौराई धरणातून सोडलेलं पाणी पेंच नदीने तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणात आलं. तिथलेही दरवाजे उघडावे लागले. पेंच-कन्हान काठच्या पारशिवनी, कामठी, मौदा, कुही तालुक्यांतील गावांना फटका बसला. म्हणून नदीकाठच्या गावांनी आभाळाकडे पाहून अंदाज बांधू नये. विसर्गाचा मेसेज किंवा दवंडी आली की मोटारपंप, जनावरं आणि धान्य लगेच उंचावर न्यावं.

रपट्यावर घाई नको

१२ जुलै २०२२ रोजी सावनेर तालुक्यात केळवदजवळ पुलावरून पाणी वाहत असताना चालकाने गाडी टाकली आणि गाडी प्रवाशांसह वाहून गेली. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय घसरतो. एक फुटात लहान कार सरकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की खचला, हे वरून दिसत नाही. ‘रोजचाच रस्ता आहे’ हा भरवसा इथे कामाचा नाही. पाणी उतरेपर्यंत थांबा किंवा मागे फिरा.

अलर्टचा अर्थ

- यलो : लक्ष ठेवा.
- ऑरेंज : तयारीत राहा. नाल्यापलीकडच्या शेतात जाणं टाळा.
- रेड : गरज नसेल तर बाहेर पडू नका. सखल भागातल्यांनी सुरक्षित जागी जावं.

वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नका. ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घ्या, जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो.

नुकसान झालं तर

घर, जनावरं किंवा पऱ्हाटी, सोयाबीन, धानाचं नुकसान झालं की आधी फोटो काढा, मग तलाठ्याला कळवा. पंचनाम्यात आपलं नाव आणि गट नंबर बरोबर लिहिला का, ते स्वतः पाहा. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच शासनाची मदत मिळते.

मदतीसाठी फोन : आणीबाणीत ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. गावात पोलीस पाटील आणि तलाठ्याचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा. पुराच्या रात्री लाइट जाते, म्हणून मोबाइल आधीच चार्ज करून ठेवा.