युनायटेड स्टेट्स विरुद्ध हेन्सली

युनायटेड स्टेट्स विरुद्ध हेन्सली हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी १९८५ रोजी दिलेला निकाल आहे. घडून गेलेल्या गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस एखाद्या व्यक्तीला केवळ वाजवी संशयावरून रस्त्यात थांबवू शकतात का, आणि तो संशय दुसऱ्या शहराच्या पोलिसांनी कळवलेला असल्यास चालतो का, हे प्रश्न या खटल्यात निर्णयासाठी होते.

कायदेशीर पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देते. अटकेसाठी 'संभाव्य कारण' आवश्यक असते. टेरी विरुद्ध ओहायो (१९६८) या खटल्यात न्यायालयाने त्याहून सौम्य अशी 'वाजवी संशया'ची कसोटी मान्य केली. विशिष्ट व शब्दांत मांडता येतील अशा तथ्यांच्या आधारे पोलीस व्यक्तीला थोडा वेळ थांबवू शकतात. नुसता तर्क पुरेसा नसतो. मात्र त्या खटल्यातील अधिकाऱ्याने लूट होण्यापूर्वीच हस्तक्षेप केला होता. त्यामुळे आधीच घडलेल्या गुन्ह्यांना ही कसोटी लागू होते का, हे अनिर्णित राहिले.

घटनाक्रम

४ डिसेंबर १९८१ रोजी ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळील सेंट बर्नार्ड येथे दोन सशस्त्र व्यक्तींनी एक मद्यालय लुटले. लुटारूंना पळवून नेणारी गाडी हेन्सली चालवत होता, अशी माहिती सहा दिवसांनी एका खबऱ्याने पोलिसांना दिली. खबऱ्याचा लेखी जबाब घेऊन पोलिसांनी परिसरातील इतर पोलीस खात्यांना शोधपत्रक पाठवले. अटक वॉरंट मात्र काढलेले नव्हते.

१६ डिसेंबर रोजी ओहायो नदीपलीकडे, केंटकी राज्यातील कव्हिंग्टन येथे पोलिसांना हेन्सली गाडी चालवताना दिसला. पत्रकाची आठवण असलेल्या अधिकाऱ्याने वॉरंटची खात्री होण्यापूर्वीच गाडी थांबवली. सहप्रवाशाच्या आसनाखाली रिव्हॉल्व्हरची मूठ दिसली आणि त्यानंतरच्या झडतीत आणखी शस्त्रे सापडली. पूर्वी शिक्षा झालेली असताना शस्त्र बाळगल्याबद्दल हेन्सलीला संघीय न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. गुन्हा घडत असलेला किंवा घडू घातलेला नसल्याने वाजवी संशय अपुरा आहे, असे त्याचे मत होते.

निकाल

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी पुन्हा कायम केली. घडून गेलेल्या गंभीर गुन्ह्यात सहभागाचा वाजवी संशय असल्यास थोडा वेळ थांबवून चौकशी करता येते, असे न्यायालयाने ठरवले. पत्रकावर विसंबणाऱ्या अधिकाऱ्याला त्यामागील तथ्ये स्वतः ठाऊक असण्याची गरज नाही. मात्र पत्रक काढणाऱ्या खात्यापाशी वाजवी संशयाचा आधार असलाच पाहिजे. तो नसेल, तर थांबवणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असूनही ती कृती घटनाबाह्य ठरते. शिवाय, पत्रक काढणाऱ्या खात्याला जितका अटकाव करता आला असता, त्याहून अधिक अटकाव दुसऱ्या खात्याला करता येत नाही.

महत्त्व

गुन्हेगार राज्याची सीमा सहज ओलांडत असल्याने पोलीस खात्यांना परस्परांच्या माहितीवर विसंबावे लागते, हे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर, माहिती पुढे पाठवल्याने निराधार संशय साधार होत नाही, ही मर्यादाही घालून दिली. परिणामी, अशा खटल्यांत बचाव पक्षाला गाडी थांबवण्याच्या क्षणापाशी न थांबता संशयाच्या मूळ उगमाला आव्हान देता येते. किरकोळ स्वरूपाच्या घडून गेलेल्या गुन्ह्यांबाबतचा प्रश्न या निकालाने खुला ठेवला.