जीपची पुली आणि दुरुस्ती शिकलेलं शहर

बंगळुरूच्या पोस्टिंगमधली ही गोष्ट. एका रविवारी मी शेजारच्या निवृत्त सुभेदारसाहेबांच्या जुन्या विलीज जीपची क्रँक पुली बदलायला बसलो. इंजिनाच्या पुढच्या टोकावरच्या या चाकावरून जाणारा पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवतो. पट्टा गेला की पाणी उकळतं आणि गाडी जागेवर थांबते.

ही पुली बिघडवली होती मीच. पुढचं ऑइल सील बदलताना घाई केली, पुलर न लावता टॉमीने पुली उचकटली आणि कड वाकली. पुढे साहेब नातवाला घेऊन निघाले असताना होसूर रोडवर पट्टा उडाला. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरा, हीच गाडी जखमींना घेऊन निघाली असती तर?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना सैन्यानेही मोठी किंमत मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यातली दुरुस्ती वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती आणि कुशल कारागीर भलत्याच कामांवर अडकले होते. 1941 मध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या समितीने हे दोष दाखवले. 1 ऑक्टोबर 1942 ला तिकडे दुरुस्तीसाठी स्वतंत्र कोर उभी राहिली. 1943 मध्ये भारतात ईएमई आली. 15 ऑक्टोबर हा आपला कोर दिन. बंगळुरूत हलसूरला असलेली 515 आर्मी बेस वर्कशॉप याच परंपरेतली.

या शहराची आणखी एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना मोटार बनवायची होती, पण सरकारचा पाठिंबा मिळेना. 1939 मध्ये विमानप्रवासात त्यांना अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली भेटले आणि विमान कारखान्याचा विचार पुढे आला. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पण जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरलं आणि 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला. 1943 मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे गेला. विमानं बांधणं मागे पडलं, दुरुस्ती पुढे आली. कॅटलिना उडत्या नौका बेळ्ळंदूर तळ्यावर उतरून इथे दुरुस्त होत. वालचंदांनी मोटारीचा नाद सोडला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्यात कारखाना उभा केला.

म्हणजे हे शहर विमानं दुरुस्त करायला शिकलं. दुरुस्ती टिकते ती सुट्या भागांच्या मापावर. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, त्या एकाच आराखड्यावर. एकीचा भाग दुसरीला बसायचा.

म्हणूनच जे.सी. रोडच्या एका दुकानात मला पुली मिळाली. या वेळी रेडिएटर उतरवला, पुलर लावला, शाफ्टवरची वुड्रफ की तपासली, नवं सील तेल लावून बसवलं, नट पूर्ण कसला. पट्टा अंगठ्याने दाबून ताण पाहिला. मग हँडल साहेबांच्या हाती दिलं.

दुसऱ्या फेरीत इंजिन धडधडलं. साहेब वाकून पट्ट्याकडे पाहत राहिले. तो सरळ रेषेत फिरत होता. संध्याकाळी ते नातवाला घेऊन पुन्हा होसूर रोडला निघाले. मीही मागे बसलो, टूलकिट पायाशी ठेवून.