शेटजींचे फेलो

आमचे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये हिशेबखात्यात कारकून होते. कापसाच्या गाठी किती आल्या, सूत किती निघालं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. आणि त्याच पैशातून शेटजींनी तत्त्वज्ञान मंदिरात कोणाकोणाला पोसलं, हेही. म्हातारपणी गिरणी बंद पडली, तरी त्यांची ही दुसरी खातेवही उघडीच राहिली. दुपारच्या चहानंतर ती निघायची.

शेटजी म्हणजे श्रीमंत प्रतापशेट. खरं नाव मोतीलाल माणेकचंद, पण गावाला ते प्रतापशेट म्हणूनच ठाऊक. शंकराचार्यांच्या अद्वैतावर त्यांची भारी श्रद्धा. १९१६ साली त्यांनी खानदेशातल्या या तालुक्याच्या गावी तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था काढली, तेच हे तत्त्वज्ञान मंदिर. देशभरातून तत्त्वज्ञान शिकलेली हुशार मुलं बोलवायची, त्यांची राहण्याची सोय करायची, विद्यावेतन द्यायचं, आणि मोबदल्यात एवढंच मागायचं की वाचा, वाद घाला, लिहा. गावकरी त्यांना ‘फेलो लोक’ म्हणत. आजोबा सांगायचे, बाजाराच्या दिवशी पारोळ्याकडची एक बाई नारळ घेऊन आत शिरली आणि देव कुठे बसवलाय म्हणून विचारू लागली. फेलो लोकांत कोणालाच तिची भाषा येईना. शेवटी रखवालदाराने नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. गोष्ट खरी की आजोबांची, कोण जाणे. पण फेलोंमध्ये बंगाली, सिंधी, मद्रासकडचे होते, हे मात्र खरं.

संचालक घनश्यामदास मलकानी सिंधी. बंगालचे रासविहारी दास. दक्षिणेतले टी. आर. व्ही. मूर्ती, ज्यांनी पुढे काशीला नाव काढलं आणि १९५५ साली माध्यमिक बौद्ध मतावरचा तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ १९३० साली छापलं गेलं ते अमळनेरच्या या संस्थेतर्फे, आणि सरकारी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वतः काही काळ संचालक म्हणून येऊन राहिला. कलकत्त्यातले लोक अमळनेर कुठे आहे म्हणून नकाशा शोधत असतील. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिकही इथूनच निघायचं.

मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली ‘अज्ञान’ नावाचं पुस्तक काढलं. ते प्रसिद्ध झालं लंडनहून. आजोबांना याची फार गंमत वाटे. ‘शेटजी पगार देतात, आणि हे अज्ञानावर पुस्तक लिहितात!’ असं म्हणून ते मांडीवर थाप मारत. मी एम.ए.ला गेल्यावर त्या पुस्तकातला वाद मुळातून वाचला आणि आजोबांना समजावण्याचा प्रयत्न केला. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. आता हे ‘काही कळलं नाही’ त्याला कोणी सांगितलं? झोपेत जाणणारं कोणी नसेल तर ही आठवण कसली? वेदान्ती म्हणतो, अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे, ते काहीतरी आहे, आणि साक्षी त्याला पाहत असतो. यावर तिघांचं एकमत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, ‘हिशेबात पैसा कमी पडला की आम्ही तो तुटीच्या खात्यात मांडतो. नसलेल्या पैशालाही पान लागतंच.’ प्राध्यापकांनी वर्षभर घोळवलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत उरकली. तपशिलात ती टिकणार नाही, पण परीक्षेत मी ती वापरली.

आजीचा दृष्टिकोन वेगळा होता. पुण्याला विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं सांगितलं तेव्हा ती अहिराणीत म्हणाली, ‘हाई शिकीसन काय करशी व माय?’ तिला फेलो लोकांचं कौतुक नव्हतं. तिने पाहिलेलं अमळनेर वेगळं होतं. १९४५ साली याच गावात प्रताप कॉलेज निघालं आणि त्याच वर्षी वनस्पती तुपाचा कारखानाही. तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली. ज्यांनी त्याचे शेअर घेऊन पेटीत टाकले आणि विसरले, त्यांच्या नातवंडांनी काहीही शिकलं तरी चाललं असतं. आमच्या घरात शेअर नव्हते. आजीने हे आजोबांना आयुष्यभर ऐकवलं. अद्वैताच्या गावात राहून तिला एवढं द्वैत पक्कं दिसत होतं.

फेलो लोक पुढे काय झाले, हे मी मोठी झाल्यावर मुद्दाम पाहिलं. बहुतेक सगळे मास्तर झाले. सगळ्यांत ठळक उदाहरण साने गुरुजींचं. तेही तत्त्वज्ञान मंदिरातच आले होते. पण तिथे ते फार काळ रमले नाहीत आणि १९२४ साली गावातल्याच शाळेत शिक्षक झाले, वसतिगृह सांभाळू लागले, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढू लागले. १९३० साली तीही नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. आजोबा म्हणत, मंदिरातून बाहेर पडलेला सगळ्यांत मोठा माणूस तोच. मलकानींना हे पटलं असतं का, शंका आहे.

मराठीत तत्त्वज्ञान ज्यांनी उभं केलं त्यांचंही तेच, तेही मास्तरच. दे. द. वाडेकर फर्ग्युसनमध्ये शिकवत आले आणि त्यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले. मे. पुं. रेगे कीर्ती कॉलेजात शिकवायचे, ‘नवभारत’ चालवायचे, शेवटी विश्वकोशाचे अध्यक्ष झाले. दि. य. देशपांडे निवृत्तीनंतर नागपूरहून ‘आजचा सुधारक’ काढत राहिले. घर चाललं ते अध्यापनावर. बाकीचं काम संध्याकाळी आणि रविवारी. पूर्ण वेळ विचार करायचा पगार या राज्यात एकदाच मिळाला, आणि तो गिरणीच्या गल्ल्यातून.

तो गल्ला आटल्यावर काय झालं, ते माझ्या पिढीने पाहिलं. मंदिराचं त्रैमासिक बंद पडलं. १९७३ पासून त्याच वारशावर पुणे विद्यापीठातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ सुरू झालं. मी तिथल्याच तत्त्वज्ञान विभागात शिकले. बाहेर पडल्यावर काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा या काळात तुम्ही अस्तित्वातच नसता. प्रत्येक तासानंतर रजिस्टरमध्ये सही, महिनाअखेरीला बिल, आणि बिल मंजूर होऊन हाती येईपर्यंत पुढचं सत्र लागलेलं. वर्गात सात मुली, त्यातल्या चौघींना हवा तो विषय मिळाला नव्हता म्हणून आलेल्या. तरी देकार्तच्या दिवशी त्यातल्याच एकीने विचारलं, ‘मॅडम, तो शंका घेत होता तेव्हा स्वयंपाक कोण करत होतं?’ यापेक्षा चांगला प्रश्न मी कुठल्या चर्चासत्रात ऐकला नाही. पुढे कार्यभार भरत नाही म्हणून तो विषयच बंद झाला. मी भाषांतराकडे वळले, तिथे एम.ए.चा उपयोग रोज होतो: वाक्यात काय म्हटलंय आणि काय म्हटल्यासारखं वाटतंय, हे वेगळं करायची सवय.

आता माझी भाची बी.ए. संपवते आहे आणि तिलाही हेच शिकायचं आहे. ‘मावशी, तू खरं सांग,’ म्हणाली. मी तिला माहीत होतं ते सांगितलं. नेट किंवा सेट झाल्याशिवाय प्राध्यापकीचं नाव नको, आणि झाल्यावरही कायम जागा निघेलच असं नाही. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. आजच्या काळातले प्रतापशेट म्हणजे ही शिष्यवृत्ती, फक्त राहायची सोय आपली आपण. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा, अभ्यासक्रम आटोपशीर म्हणून पुष्कळजण घेतात; शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच आहे. या परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्यांना कॉलेजपेक्षा बरे पैसे मिळतात, हे ऐकून तिचे वडील पहिल्यांदा नीट सावरून बसले. कायदा, पत्रकारिता, संपादन इथे ही पदवी चालते, पण जोडीला दुसरं काहीतरी हातात लागतं. आणि सुरुवातीची पाच-सात वर्षं घरभाडं कोण भरणार, हे तत्त्वज्ञानाच्या आधी ठरवावं लागतं. आधी ठरवलं की वाचताना मन शांत राहतं.

तिने पुण्याचा फॉर्म भरलाय. वडिलांशी बोलणी अजून चालू आहेत. तूर्त ते एम.ए.च्या दोन वर्षांना तयार झालेत, पीएच.डी.चं नाव घरात काढायचं नाही या अटीवर.