नासके फळ आणि मास्तर : जपानी शाळा-मालिकांचा एक आलेख

एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, असे आपल्याकडे म्हणतात. जपानमध्ये आंब्याच्या जागी मिकान हे संत्र्याच्या जातीचे फळ येते. तर्क मात्र तोच. 'तिसरी ब चे किन्पाची-सेन्सेई' या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (१९८०-८१) काटो मासारु नावाच्या मुलाला त्याच्या जुन्या शाळेने याच तर्काने बाहेर काढलेले असते. बिघडलेल्या मुलांचे काय करायचे, या प्रश्नाला जपानी दूरचित्रवाणीने पुढे जी उत्तरे दिली, त्यांचा क्रम लावून पाहिला तर शिक्षकाविषयीच्या एका समाजाच्या श्रद्धेचा इतिहास हाती येतो, असे आम्हांस वाटते.

चाकोरीबाहेरचा मास्तर ही कल्पना अर्थातच दूरचित्रवाणीची नव्हे. नात्सुमे सोसेकी यांच्या 'बोच्चान' (१९०६) या कादंबरीचा नायक तोक्योहून शिकोकू बेटावर गेलेला गणिताचा तरुण शिक्षक आहे. मुले त्याच्या बिछान्यात टोळ सोडतात. परंतु त्याचे खरे भांडण ढोंगी सहकाऱ्यांशी आहे. अखेरीस त्यांना बडवून तो नोकरी सोडतो. मुले होती तशीच राहतात. मालिकांतला मास्तर बोच्चानचा वंशज खरा, पण तो शाळा सोडत नाही. फरक इथून सुरू होतो.

ही मालिका टीबीएस वाहिनीवर १९७९ साली सुरू झाली. लेखिका ओसानाई मिएको, मुख्य भूमिकेत ताकेदा तेत्सुया. किन्पाची जपानी भाषा शिकवतो, सरकारी माध्यमिक शाळेत नोकरी करतो, आणि 'माणूस' या अर्थाच्या चिनी अक्षराच्या दोन रेघा एकमेकींना टेकून उभ्या आहेत, असे फळ्यावर दाखवतो. पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. १९७४ साली माध्यमिक शाळेतून पुढे उच्च माध्यमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. जवळजवळ सगळेच पुढे जाऊ लागल्यावर कोण कोणत्या शाळेत जातो, यावरून माणसाची प्रत ठरू लागली. खालच्या प्रतीत टाकल्या गेलेल्या मुलांनी काचा फोडल्या, शिक्षकांवर हात टाकले. १९८० च्या आसपास 'शालेय हिंसाचार' हा जपानी वृत्तपत्रांचा नित्याचा विषय होता.

'स्कूल वॉर्स' (१९८४-८५) ही मालिका क्योतोच्या फुशिमी तांत्रिक विद्यालयाच्या रग्बी संघाच्या सत्यकथेवर बेतलेली. राष्ट्रीय संघातून खेळलेला शिक्षक उनाड मुलांना घेऊन संघ घडवतो. प्रत्यक्षातला संघ १९८१ साली राष्ट्रीय विजेता ठरला. मात्र १०९-० अशा पराभवानंतर हा शिक्षक रडत रडत एकेका खेळाडूला ठोसा मारतो, आणि मालिका त्याकडे प्रेमाची परिसीमा म्हणून पाहते. जपानच्या १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केलेली होती, हे विसरून चालणार नाही. अश्रूंनी भिजला म्हणून ठोसा निर्दोष होत नाही.

१९९८ मध्ये काळ पालटलेला दिसतो. आर्थिक फुगा फुटून गेला होता, १९९७ साली यामाइची ही मोठी रोखे-कंपनी कोसळली होती. चांगली शाळा, चांगली नोकरी या साखळीवरचा विश्वासच ढळला होता. फुजिसावा तोरु यांच्या चित्रकथेवरून त्या वर्षी आलेल्या 'जी. टी. ओ.' चा ओनिझुका हा मोटारसायकल टोळीचा माजी म्होरक्या. एका विद्यार्थिनीच्या घरातली, कुटुंबाला तोडणारी भिंत तो घण घालून पाडतो. अखेरच्या भागाची प्रेक्षकसंख्या ३५.७ टक्क्यांवर गेली. २००२ मध्ये मोरिमोतो कोझुएको यांच्या चित्रकथेवरून 'गोकुसेन' आली. तिची यामागुची कुमिको गणित शिकवते, बोच्चानसारखेच. पण ती याकुझा घराण्याची वारस आहे. तिचे हात मुलांवर उठत नाहीत, मुलांना छळणाऱ्यांवर उठतात. ठोशाची दिशा बदलली, ही प्रगतीच म्हणायची.

तरीही आमची तक्रार आहे. किन्पाची व्यवस्थेच्या आतला, सरकारी शाळेतला शिक्षक होता. ओनिझुका आणि यामागुची खाजगी शाळांत येतात, आणि त्यांचे सामर्थ्य शिक्षणाबाहेरून, टोळीतून येते. मुलांना समजून घ्यायला आधी स्वतः बहिष्कृत असावे लागते, असे या मालिका सुचवतात. त्यात सत्य आहे. पण त्यातून उरलेला शिक्षकवर्ग परस्पर दोषमुक्त होतो. चमत्कार करणारा एक आला की बाकीच्यांनी पाहत राहायचे. शिवाय हे नवे मास्तर प्रत्येक भागात जिंकतात.

किन्पाचीच्या दुसऱ्या पर्वात तसे होत नाही. काटो व त्याचे मित्र जुन्या शाळेच्या ध्वनिक्षेपण कक्षात अडून बसतात, मुख्याध्यापकांकडून माफीचे शब्द मिळवतात, आणि त्याच क्षणी पोलीस आत घुसतात. नाकाजिमा मियुकी यांच्या गाण्यावर, संथ गतीत, बेड्या घातलेली मुले नेली जातात. किन्पाचीला ती अटक थांबवता येत नाही. तो त्यांना सोडवायला पोलीस ठाण्यात जातो.

आम्ही ज्या वर्गांत उभे राहतो, तिथे ओनिझुकाचा घण आमच्या हाती नसतो. अढीतून काढलेल्या आंब्याच्या मागे जाणे मात्र कुणालाही शक्य असते. चाळीसहून अधिक वर्षांनंतरही तो प्रसंग आम्हांला या सगळ्या परंपरेत मोठा वाटतो, तो यासाठी.