सुपापासून चौकापर्यंत

मेट्रोच्या मार्गावर आता काशीगाव नावाचं स्टेशन आहे. नवीन माणसाला गाव म्हणजे तेवढंच वाटतं. आमच्या लहानपणी काशी म्हणजे घोडबंदरच्या फाट्याजवळची भातशेती, खाडीच्या अंगाला मिठागरं आणि वर डोंगराच्या पायथ्याला वारल्यांचे पाडे. 1985 साली ग्रामपंचायत गेली, नगरपालिका आली. 2002 साली महानगरपालिका झाली. शेतं कधी गेली ते मात्र कोणी तारीख घालून सांगू शकत नाही. एकेक बांध करून गेली.

त्या पाड्यावरची एक म्हातारी आमच्या शेतावर लावणीला नि कापणीला यायची. आम्ही पोरं तिला नुसतं आजी म्हणायचो. ती मला 'पोऱ्या' म्हणायची, मी दोन पोरांचा बाप झालो तरी. तिच्याविषयी लिहायचं फार दिवस मनात होतं. राहून गेलं, त्याला कारणही आहे. ते पुढे सांगतो.

आजीचे हात रिकामे असलेले मी पाहिले नाहीत. भात झोडून झालं की सुपं नि टोपल्या. बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा, नाहीतर त्याला कीड लागते, असं ती सांगे. कोयत्याने उभा चिरायचा, चिरलेल्याच्या कामट्या काढायच्या, त्या पातळ तासायच्या. तासताना कोयता हलत नसे, कामटी हलायची. मी एकदा उलटं करायला गेलो नि अंगठा कापून घेतला. तिने कसलासा पाला चुरगाळून त्यावर दाबला नि म्हणाली, "घाई केलीस. बांबू सांगतो कुठून जायाचं, तू आयकत नायस."

सूप विणून झालं की काठ बांधायचा, मग शेणाने सारवायचं, म्हणजे बारीक फटी बुजतात, कणी गळत नाही. वाळलं की ती त्यात मूठभर तांदूळ घालून पाखडून बघे. कोंडा पुढे उडाला नि दाणा मागे राहिला, तर सूप जमलं. चांगलं-वाईट ठरवायची तिची रीत एवढीच.

पाऊस तोंडावर आला की इरली. बांबूच्या सांगाड्यात पानं दाबून बसवायची, पाठीवरून डोक्यावर घेतलं की वाकून लावणी करताना पाणी आत येत नाही. शिंदीच्या झावळ्यांचे झाडू. भाताची कणगी. तिचा नवरा तारपा करायचा नि वाजवायचाही. भोपळा वाळवून पोकळ करायचा, त्यात बांबूच्या नळ्या बसवायच्या, सांधे मेणाने बुजवायचे, पुढे ताडाच्या पानाचा भोंगा. भोपळा वेलावर असतानाच त्याचा आकार बघून तो हेरून ठेवी. आजी भाजीला तोडायला गेली की ओरडायचा, "त्यो नको, त्यो वाजायचा हाय!"

घराची भिंत हेही तिचंच काम. डोंगरातून कारवी आणायची, काठ्या उभ्या बांधून कूड करायचा, त्यावर माती नि शेण लिंपायचं. कारवी आमच्या डोंगरात आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळा उतार जांभळा होतो, नि मग ती मरते. 2016 साली फुलली होती, 2024 साली पुन्हा फुलली. मेलेल्या कारवीच्या काठ्या भिंतीला लागायच्या. पुढे डोंगर राष्ट्रीय उद्यानात मोडला, कायदा कडक झाला, काठी आणायलाही बंदी झाली. जंगल वाचायला हवं, त्यात वाद नाही. पण कूड गेला नि त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण त्या भिंतीवर चौक असायचा.

वारल्यांच्या घरी लगीन निघालं की भिंत सारवून गेरूने तांबडी करतात. तांदूळ वाटून पाण्यात कालवतात. बांबूची काडी टोकाशी चावून कुंचल्यासारखी मऊ करतात. मग सवाशिणी बसतात नि चौक लिहितात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट, बाजूला पंचशिऱ्या देव, झाडं, माणसं, वरातीचा घोडा. धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. चौक नाही तर लगीन नाही. आजी 'काढला' म्हणत नसे, 'लिवला' म्हणायची. आमच्या पाड्यांवर कुठेही लगीन असो, बोलावणं तिला आधी. रेघ सरळ, हात न थरथरता. कामटी तासणारा हात तोच, माझ्या ते लक्षात यायला वर्षं गेली.

नवरा गेला त्या वर्षापासून तिने चौक लिहिला नाही. सवाशीण नाही, तर पालघटीला हात लावायचा नाही. कोणी तिला अडवलं नव्हतं. ती आपणहून मागे सरली. दुसऱ्या बाया लिहीत, ही दाराशी बसून तांदूळ वाटून देई. मधूनच म्हणे, "डावीकडं जागा कमी सोडलीस गं." तेवढंच.

याच काळात तिकडे डहाणूच्या बाजूला निराळंच घडत होतं. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी 1970 च्या सुमारास त्या पाड्यांत फिरत होते. दुष्काळात मधुबनीच्या बायांच्या हाती कागद देणारे तेच. गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. 1934 चा जन्म, आई लहानपणीच गेलेली. त्या धक्क्याने पोर बोलायचंच बंद झालं नि मातीत रेघा ओढून मनातलं सांगू लागलं, अशी त्यांची हकीकत सांगतात. लगीन असो नसो, हा माणूस रोज चित्र काढी. भिंतीवरचं कागदावर, कापडावर आलं. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 साली त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे पाहा, एकेक गाठ मोजून घ्यावी असे. तो मान त्यांनी हाताने मिळवला, त्याला कोणी नाव ठेवू नये.

पण बायांच्या हातातली विद्या पुरुषाच्या नावाने जगभर गेली, हेही खरं. भिंतीवर कोणी सही करत नसतं. दोन पावसाळे झाले की भिंत पुन्हा लिंपायची, चौक मातीत मिळायचा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिला त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. कागद राहतो, म्हणून कागदावरचं नाव राहिलं.

आता माझी गोष्ट. 1990 च्या आसपास वारली चित्रांची हवा झाली होती. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला लग्नाच्या हॉलमध्ये 'तसलं' चित्र हवं होतं. मी मध्ये पडलो. म्हटलं, आमच्या पाड्यावर आजी आहे, तिच्यासारखी दुसरी नाही. मोठ्या तोऱ्यात तिला घेऊन गेलो. तिने भिंतीवर हात फिरवला नि म्हणाली, "ही तर उपाशी हाय. आधी सारवू दे." हॉटेलवाला हसला. डब्यातला लाल रंग तिथे आधीच मारून ठेवला होता, पांढराही डब्यातलाच. ती काही बोलली नाही. दोन दिवसांत तिने शेत लिहिलं, कणगी लिहिली, सूप पाखडणारी बाई लिहिली, तारपा नि त्याभोवती नाचणारी साखळी लिहिली. भिंत बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी मालक म्हणाला, लग्नाचा हॉल आहे, मधोमध तो चौक पाहिजे. आजी म्हणाली, "त्यो नाय."

मी समजावलं. पैसे वाढवून सांगितले. ती म्हणाली, "कागदावर, हॉटेलात देव बसत नाय, ते मला ठावं हाय. पण हात तर माझाच ना, पोऱ्या?"

मी चिडलो. चार माणसांत माझी मान खाली गेली असं मला वाटलं. "एवढं काय त्यात, चारच तर रेघा," असं मी तिला तोंडावर बोललो. तिने काडी पाण्यात बुडवून धुतली, पदराला पुसली नि चालत पाड्यावर गेली. मालकाने तिला रंगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी दिली, तीही माझ्या हातून. मधली जागा रिकामी दिसते म्हणून तिथे पुढे त्याने आरसा लावला. आणखी काही वर्षांनी सगळी भिंतच पांढरी झाली.

मजुरी द्यायला गेलो तर ती टोपली विणत बसली होती. मी माफी मागितली नाही. तिनेही विषय काढला नाही. पैसे कनवटीला लावले नि म्हणाली, "बस. च्या घे." उठताना एक नवं सूप माझ्या हातात दिलं. पैसे विचारले तर म्हणाली, "तुझ्या आयला दे, तिचं जुनं झालंय." माझ्या आईचं सूप फाटलंय हे मला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

आजी जाऊन खूप वर्षं झाली. आज पुलाच्या खांबांवर, साड्यांवर, चहाच्या कपांवर वारली चित्रं दिसतात. या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. चांगलं झालं. पाड्यावरची एक-दोन पोरं त्यावर पैसे मिळवतात, ती सही करतात, तेही चांगलं. पण सूप कोणाला विणता येतं असं विचारलं तर ती एकमेकांकडे बघतात. घर विटांचं, भात दुकानातलं, सूप विणायचं कशासाठी?

मागच्या वर्षी सुनेने माळ्यावरून ते सूप काढलं, पुसलं आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळ्याला लावलं. छान दिसतं, येणारेजाणारे विचारतात. परवा घरात कोणी नव्हतं. मी ते खाली काढलं, दोन मुठी तांदूळ घेतले आणि गॅलरीत उभा राहून पाखडू लागलो. मनगट जुळायला वेळ लागला. मग कोंडा पुढे उडाला, दाणा मागे राहिला.

सूप अजून जमतंय. खिळ्यावर परत लावताना काठ चाचपून पाहिला, एकही बांध सुटलेला नव्हता.