संकेतस्थळबंदी, भारतातील

शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशावरून इंटरनेटवरील एखादे संकेतस्थळ अथवा त्यातील पृष्ठ देशातील वाचकांना अनुपलब्ध करणे, यास संकेतस्थळबंदी म्हणतात. ग्रंथजप्तीत प्रती ताब्यात घेतल्या जातात. येथे मजकूर मूळ जागी, पुष्कळदा परदेशातील संगणकावर, तसाच राहतो आणि त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी अडविली जाते. ही वाट सेवापुरवठादार कंपनीच्या यंत्रसामग्रीतून जाते. त्यामुळे आदेश शासनाचा असला, तरी तो अंमलात आणणारा हात कंपनीचा असतो. भारतातील बंदीचा इतिहास पाहता, वाचकाला प्रत्यक्षात काय गमवावे लागले हे आदेशातील शब्दांइतकेच, किंबहुना अधिक, या हाताच्या कुवतीवर अवलंबून राहिलेले दिसते.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेड या शासकीय कंपनीने सुरू केली. १९९८ च्या अखेरीस हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले, तरी परदेशांशी जोडणारी प्रवेशद्वारे आणखी काही काळ निगमच्याच हाती होती. कारगिल युद्ध चालू असताना १९९९ मध्ये ‘डॉन’ या पाकिस्तानी इंग्रजी दैनिकाचे संकेतस्थळ निगमने बंद केले. संकेतस्थळबंदीसाठी स्वतंत्र कायदा तोवर नव्हता. तिऱ्हाईत संगणकामार्फत ते दैनिक वाचण्याचा मार्ग जाणकारांना ठाऊक होता व तो त्यांनी वापरलाही.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्येही बंदीची स्पष्ट तरतूद नव्हती. ती उणीव २००३ च्या अधिसूचनांनी भरून काढण्यात आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिचा पहिला गाजलेला वापर झाला. मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित असा ‘किनहुन’ नावाचा, मूठभर सभासदांचा एक चर्चागट याहू कंपनीच्या सेवेवर चालत असे. दूरसंचार विभागाने तो बंद करण्याचा आदेश दिला. याहूवरील सर्व गट एकाच पत्त्याखाली येत असल्याने त्यांतला एकच वेगळा काढण्याचे साधन सेवापुरवठादारांपाशी नव्हते. त्यांनी तो पत्ताच बंद केला. परिणामी विद्यार्थी, व्यावसायिक, ग्रंथप्रेमी अशांचे हजारो गट सुमारे दोन आठवडे भारतीयांना दिसेनासे झाले. ज्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते, तो गट मात्र या बंदीमुळे देशभर प्रसिद्ध झाला.

या अनुभवातून फारसे काही शिकण्यात आले नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत ११ जुलै २००६ रोजी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर दोन दिवसांनी दूरसंचार विभागाने सतरा पत्त्यांची यादी सेवापुरवठादारांकडे पाठविली. तीत काही ब्लॉग म्हणजे अनुदिन्या होत्या. अनेक कंपन्यांनी ‘ब्लॉगस्पॉट’ हे संपूर्ण संकेतस्थळच बंद केले. स्फोटांनंतर आप्तांची विचारपूस व मदतीची माहिती पोचविण्यासाठी मुंबईकरांनी चालविलेली अनुदिनीही तेथेच होती. गवगवा झाल्यावर, यादीतील पृष्ठे तेवढीच बंद ठेवावीत, असे विभागाने कळविले आणि दोष कंपन्यांच्या माथी आला.

अधिनियमाच्या २००८ मधील दुरुस्तीने कलम ६९-अ समाविष्ट झाले. ते ऑक्टोबर २००९ मध्ये नियमांसह अंमलात आले. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था इ. कारणांसाठी केंद्र शासन लेखी कारणे नोंदवून बंदीचा आदेश देऊ शकते. मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यास अथवा मध्यस्थ कंपनीस नोटीस देणे, समितीपुढे सुनावणी व दर दोन महिन्यांनी फेरतपासणी अशी योजना नियमांत आहे. आदेश न पाळणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र आदेशापेक्षा अधिक काही बंद केल्यास त्याबद्दल या कलमात कसलीही शिक्षा नाही. कंपन्यांचा कल कोणत्या बाजूस झुकणार, हे या एका तरतुदीनेच ठरून गेले. शिवाय त्यांचा परवानाही ज्या शासनाचा आदेश, त्याच शासनाच्या हाती असतो.

ग्रंथबंदीशी तुलना केल्यास यातील वेगळेपण कळते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ९५ नुसार (२०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे) ग्रंथजप्तीची अधिसूचना कारणांसह काढावी लागते आणि तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते. महाराष्ट्र शासनाची अशीच एक अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय उचलून धरला. अधिसूचना जाहीर होती, म्हणूनच ती न्यायालयात तपासता आली. याउलट २००९ च्या नियमांपैकी सोळाव्या नियमाने तक्रारी व त्यांवरील कार्यवाही गोपनीय ठरविली.

न्यायालयांचे आदेशही नेहमी नेमके नव्हते. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेल्या आदेशावरून कंपन्यांनी ‘व्हिमिओ’सारखी संपूर्ण संकेतस्थळे बंद केली; तेव्हा २२ जून रोजी, बंदी विशिष्ट पृष्ठांपुरतीच आहे, असा खुलासा न्यायालयास करावा लागला. मुंबईतील दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून तेथील दंडाधिकारी न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळे बंद झाली. त्यांत जुनी पृष्ठे जतन करणारा ‘इंटरनेट आर्काइव्ह’ व आज्ञावलींचा साठा करणारे ‘गिटहब’ यांचाही समावेश होता.

श्रेया सिंघल खटल्यात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. कलम ६९-अ मात्र, त्यातील प्रक्रियात्मक संरक्षणांकडे बोट दाखवून, वैध मानले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. टीका होताच, ज्यांत बालकांविषयीचा अश्लील मजकूर नसेल ती खुली करण्यास कंपन्यांना मुभा देण्यात आली. म्हणजे काय आक्षेपार्ह याचा निवाडाच त्यांच्यावर सोपविला गेला! अशी छाननी करणे आपले काम नव्हे, हे कंपन्यांचे म्हणणे रास्तच होते.

बंदीच्या पद्धती कंपनीगणिक भिन्न आहेत. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता सांगणारी एक नामसूची असते. तीत खोटा पत्ता देणे ही सर्वांत सोपी रीत. दुसरीत वाचकाची मागणी वाटेतच वाचून अडविली जाते. आता बहुतेक मागण्या कूटबद्ध असतात. कंपनीला संकेतस्थळाचे नाव तेवढे दिसते, पृष्ठ दिसत नाही. म्हणजे एकच पृष्ठ रोखणे पूर्वी साधनांअभावी जमत नसे, ते आता तत्त्वतःच अशक्य झाले. देशातील ९८ टक्क्यांहून अधिक ग्राहकांना सेवा देणाऱ्या सहा कंपन्यांच्या जोडण्यांवर ४,३७९ संकेतस्थळे तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहाही कंपन्यांनी बंद केलेली केवळ १,११५ आढळली. एकाच देशात कोणास काय वाचता येईल, हे अशा प्रकारे त्याने कोणाची जोडणी घेतली यावर ठरत होते.

एकेक पृष्ठ वा खाते रोखण्यासाठी शासनाचे आदेश आता बव्हंशी समाजमाध्यम कंपन्यांकडेच जातात. कलम ६९-अ खाली बंद केलेल्या दुव्यांची संख्या २०१४ मध्ये ४७१ होती. ती २०२० मध्ये ९,८४९ झाली. संपूर्ण संकेतस्थळ बंद करावयाचे असल्यास मात्र सेवापुरवठादारांवाचून गत्यंतर नसते. हुंडापद्धतीचे विडंबन करणारे एक संकेतस्थळ २०१८ मध्ये असेच बंद झाले. निर्मात्यास ना नोटीस मिळाली, ना आदेशाची प्रत. माहिती मागितली असता गोपनीयतेच्या नियमाकडे बोट दाखविण्यात आले. अखेर ११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आदेशाची प्रत त्यास द्यावी व त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे मंत्रालयास फर्माविले.